धनराजच्या जन्माचा पंधरवडा

आमच्या वेदिकाच्या तीन पानी उत्तराच्या समासात पेन्सिलीने एकच शब्द अकरा वेळा लिहिलेला होता : कशावरून? अक्षर बारीक, शेवटच्या पानावर थोडं दाबून काढलेलं. त्याखाली गुण. वीसपैकी सात.

दहावीला सत्त्याण्णव टक्के मिळवलेली मुलगी ती. यंदा तिच्या कॉलेजने अकरावीला पदवीच्या दर्जाचा इतिहास सुरू केला आणि तिने हट्टाने तो घेतला. पालकांना पत्र आलं होतं : आठवड्याला चाळीस पानं वाचन, महिन्याला दोन निबंध, पहिल्या सत्रात गुण घसरतील, कृपया क्लास लावू नका. आम्ही दोघांनी ते नीट वाचलं आणि धनराजने क्लास लावला.

"सात?" धनराज म्हणाला.

"तुमच्या सरांच्या नोट्स होत्या, पप्पा. शब्द न् शब्द पाठ केल्या."

"मग सात सरांना पडले. तू कशाला रडतेस?" तो हसला, मग माझ्याकडे वळला. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सायन्सला बदलून मिळतंय. काय करायचं, मीना?"

"बघू," मी म्हणाले. जूनपासून मी हेच म्हणत होते. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं काम करते. मला विज्ञानाने पायावर उभं केलं. मुलीला दुसऱ्या वाटेने जाऊ द्यायला जीभ रेटत नव्हती. थांबवायलाही नाही.

क्लास बंद झाला. पुढचा निबंध होता : घरातली एक तारीख निवडा आणि ती सिद्ध करा. वेदिकाने पप्पांचा वाढदिवस निवडला, एक जून. सोपं काम, असं आम्हाला वाटलं.

धनराजचं गाव हरसूलजवळ. सप्टेंबरात, बाजाराच्या दिवशी, आम्ही तिघं गेलो. शाळेच्या जुन्या रजिस्टरात धनराजच्या वर्गात एकतीस मुलं होती. सत्तावीस जणांचा जन्म एक जूनचा.

"गुरुजींना सगळ्यांचा वाढदिवस एकदम उरकायचा असेल," धनराज म्हणाला.

"पप्पा, तुम्ही दरवर्षी केक कापता."

"केक खरा असतो."

मुलाला शाळेत घालताना आईबापाला तारीख सांगता येत नसे. मग गुरुजी वय पुरेल असं वर्ष धरत आणि पुढे एक जून लिहीत. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. खरी तारीख शोधायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

धनराजची थोरली बहीण अंबूबाई ओट्यावर बसली होती. वेदिकाने मला आणि धनराजला बाहेर थांबवलं. "तुम्ही मध्ये बोललात तर आत्या तुमचंच सांगेल."

"धन्या झाला तवा नागलीची लावणी चालली व्हती," आतून अंबूबाईचा आवाज आला. "मी बारा वर्साची. आमच्या आधी आठ दिस पुंजाच्या घरी पोरगा झाला. लय अडली व्हती त्याची बायको, झोळी करून दवाखान्यात नेली."

मग वेदिका एकटी पुंजाबाबांकडे गेली. आत्या काय म्हणाली ते तिने त्यांना सांगितलं नाही. नुसतं विचारल्यावर ते म्हणाले, "आमचा दत्तू आधी. त्याची पाचवी झाली न् दोन-तीन दिसांनी धन्या."

दत्तू दवाखान्यात जन्मला होता, म्हणून त्याची नोंद सापडली : बारा ऑगस्ट एकोणीसशे एकोणऐंशी. शाळेच्या दाखल्यात धनराजचं वर्ष अठ्ठ्याहत्तर.

"म्हणजे मी वर्षभराने तरुण," धनराज म्हणाला. "ऑफिसला सांगू नका, हसतील."

मी हसले नाही. दोन साक्षीदार वेगवेगळे विचारायचे, एकाची वाट दुसऱ्याला दाखवायची नाही, मग दोन्ही एका लेखी नोंदीशी ताडून बघायचे. हे तिला मी शिकवलं नव्हतं. एकच नमुना दोन हातांनी तपासायला मी नव्या मुलींना शिकवते, आणि ते अंगवळणी पडायला त्यांना वर्ष लागतं.

ऑक्टोबरात पालकांसमोर निबंध वाचले गेले. वेदिकाने रजिस्टरातली सत्तावीस नावं फळ्यावर लिहिली. तिचा आवाज सुरुवातीला बारीक होता, दत्तूच्या नोंदीपर्यंत येताना मोकळा झाला. मागून एका पालकांनी विचारलं, "ते सगळं ठीक, पण नक्की तारीख कोणती?"

"नक्की तारीख मला माहीत नाही," वेदिका म्हणाली. "ऑगस्टचा दुसरा पंधरवडा, एवढंच पुराव्याने सांगता येतं. त्यापुढे सांगितलं तर मीही गुरुजींसारखीच तारीख लिहीन."

टाळ्या पडल्या. धनराज उभा राहून वाजवत होता. शेजारच्या बाईंना तो म्हणाला, "ज्याचा जन्म काढला ना, तो मीच." वीसपैकी अठरा.

बाहेर व्हरांड्यात इतिहासाच्या मोहिनी मॅडम यादी घेऊन उभ्या होत्या. शाखा बदलण्याचा तो शेवटचा दिवस होता. "वेदिकाचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

वेदिका जमिनीकडे बघत होती. धनराजने माझ्याकडे पाहिलं.

"बदलायचं नाही," मी म्हणाले. "वेदिका इतिहास शिकेल. बारावीला, आणि पुढे पदवीलाही."