अठ्ठेचाळीस खिळ्यांची फळी

मी फळी बोलतेय. हो, लाकडाची साधी फळी. नाक मुरडू नका. पाच दिवसांत सहाशे किलोमीटर सायकल हाणणारी भलीभली माणसं माझ्यापुढे मान वाकवून उभी राहिली आहेत. मी काय म्हणते ते बघितल्याशिवाय शेवटची गाडी कधी जागची हलली नाही. एवढा मान किती फळ्यांच्या वाट्याला येतो ते सांगा, मग पुढचं बोलू.

मी मूळची दाराची. एका गोदामाचं दार मोडीत निघालं, त्यातली मी मधली. सुताराने रंधा मारून मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "जुनं लाकूड आहे, पण वाकायचं नाही." ते एक वाक्य मी अजून जपून ठेवलंय. त्याने माझ्यावर आठ-आठच्या सहा ओळींत खिळे ठोकले, त्यांची टोकं जराशी वर वळवली आणि प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगाने आकडा काढला. शाळेतल्या फळ्याचं नशीब वेगळं, त्याला मास्तर मिळतो. मला कुणी शिकवलं नाही. अंगावरचा रंग ओला होता तेवढ्यात मी एकपासून अठ्ठेचाळीसपर्यंत पाठ केलं. अक्षरं पुढे खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकले. आज कुणी वाचायला घातलं तर अडायची नाही.

माझी मालकीण आत्या. खरं तर ती एकाच मुलीची आत्या. मुलीचे वडील, म्हणजे आमचे दादा, आत्याचे थोरले भाऊ. ही सायकलफेरी त्यांनीच सुरू केली. पण मुलगी हाक मारते म्हणून स्वयंपाकघरातली माणसं आत्या म्हणू लागली, मग मेकॅनिक, मग सायकलवाले, आणि शेवटी तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले सद्गृहस्थही. आत्याने अठ्ठावीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती. दादांकडे नकाशा, वहिनींकडे मोठाली पातेली, आणि मागे कोण राहिलं ते बघायचं काम आत्याकडे. "पुढे कोण गेलं ते सगळं जग बघतं," ती म्हणायची. "मला मागचा दाखवा."

कामाची रीत सोपी होती. ती नीट ऐका, कारण पुढे जे झालं ते तिच्यावरूनच झालं. सकाळी निघताना प्रत्येकजण आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला माझ्यावरून उचलायचा आणि गळ्यात अडकवायचा. सगळे गेले की आत्या आणि मेकॅनिक मला गाडीत घालून पुढे दुपारच्या थांब्यावर जायचे. तिथे पाण्याची पिंपं, केळी, उकडलेले बटाटे, आणि मी. येणाऱ्याने आपला बिल्ला स्वतःच्या हाताने आपल्या खिळ्यावर लटकवायचा. एक वाजला की आत्या मोजणार. खिळा रिकामा दिसला की गाडी उलटी फिरणार, त्या माणसाला शोधून आत बसवणार, आणि त्याची फेरी त्या वर्षापुरती अपुरी. सगळे खिळे भरले असतील तर गाडी शेवटच्या सायकलच्या मागून निघणार आणि वाटेतले बाण काढत जाणार. बाण म्हणजे खांबाखांबाला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या पिवळ्या पाट्या. लोकांच्या रस्त्यावर आपला कचरा सोडायचा नाही, हा दादांचा हट्ट.

माणसं कशी असतात ते मी बिल्ले लटकवताना पाहिलंय. पहिला येणारा बिल्ला लावतो तेव्हा त्याचं लक्ष माझ्याकडे नसतंच, कोण कोण बघतंय इकडे असतं. मधले गप्पा मारत लावतात, चुकीच्या खिळ्यावर लावतात आणि मलाच नावं ठेवतात. एक बँकेतल्या बाई बिल्ला लावून माझ्यावर दोनदा थाप मारायच्या, गाईच्या पाठीवर मारावी तशी. आणि शेवटचे लोक हळूच लावतात, आवाज न करता. मला शेवटचेच आवडायचे. आत्यालाही. बोलून दाखवायची नाही, पण त्यांच्यासाठी केळी वेगळी झाकून ठेवायची.

या शेवटच्यांत आमचे मास्तर. सदतीस नंबर. शाळेतून निवृत्त झालेले, तपकिरी टोपी, सायकलला घंटी, पुढे पिशवी. पहिल्या वर्षी ते तिसऱ्या दिवशी अकरा मिनिटं उशिरा आले आणि गाडीत बसले. दुसऱ्या वर्षी पुन्हा तिसराच दिवस, फक्त चार मिनिटं. त्या दिवशी गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, मी त्यांच्या पायाशी. तिसऱ्या वर्षी आले ते वहिनींना सांगूनच, "गुडघ्याने एवढं एकच वर्ष कबूल केलंय. यंदा पाचही दिवस आपल्या पायांवर." सोबत जावई आणला होता. अडतीस नंबर. कचेरीत काम करणारा, हळू बोलणारा आणि सायकल मात्र वाऱ्यासारखी चालवणारा.

तिसरा दिवस उजाडला तोच समोरून वारा घेऊन. उघडा माळ, झाड नावाला नाही. साडेबारापर्यंत माझे चाळीस खिळे भरले. पाऊण वाजता जावई आला. आत्या गाडीच्या पलीकडे कुणाचं तरी खरचटलेलं कोपर धूत होती. जावयाने आपला बिल्ला लावला, इकडेतिकडे पाहिलं, खिशातून दुसरा बिल्ला काढला आणि सदतीसवर अडकवला. आत्या काही विचारेल या धास्तीने तो केळंही न खाता निघून गेला.

मला कळलं. दोन बिल्ले, एकच हात. पण फळीला तोंड कुठलं? वाऱ्याने सगळे बिल्ले वाजत होते, त्यात तोही वाजला, अगदी इतरांसारखाच.

एक वाजता आत्या आली. बोट लावून, ओठ हलवत मोजलं, परत मोजलं. अठ्ठेचाळीस. "आले सगळे. चला, आवरा." आयुष्यात मी खोटं बोलले ते त्या एका दुपारी, आणि तेही गप्प राहून.

गाडी निघाली. मी मागे पाण्याच्या कॅनवर उताणी. खांब आला की मेकॅनिक उतरायचा, कात्रीने दोरी कापायचा आणि बाण आत टाकायचा. गिरणीजवळ तीन रस्ते फुटतात, तिथला बाण माझ्या अंगावरच येऊन पडला. तेव्हा माझं काय झालं असेल ते तुमचं तुम्हीच समजा.

साडेतीनला घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीशी पोचलो. जावई बाकावर वाट बघत होता. धावत खिडकीशी आला.

"आत्या, बाबा मागच्या सीटवर आहेत का?"

"कुणाचे बाबा?"

"माझे सासरे. सदतीस नंबर."

"सदतीस केव्हाच लागलाय. पुढे गेले असतील."

जावयाने मान खाली घातली. घाम पुसेना, नुसता उभा.

"तोंड उघडा, जावईबापू."

"तो मी लावला. सकाळी त्यांनीच दिला होता. म्हणाले, तू पुढे जाऊन लटकव, मी तुझ्यामागे दहा मिनिटांत येतोच. गाडी मागून येतेय म्हटल्यावर मला काळजी वाटली नाही. आणि आत्या, सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं?"

मेकॅनिकने पायाशी पडलेल्या पिवळ्या पाट्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "आत्या," तो म्हणाला, "बाण सगळे काढलेत आपण."

आत्याचा चेहरा राखेसारखा झाला. पण क्षणभरच. "नाही म्हणता येत नव्हतं तर मला येऊन सांगायचं. मी म्हटलं असतं, मला जन्माची सवय आहे. बसा मागे. ती फळी मांडीवर घ्या आणि बघत बसा तिच्याकडे."

गाडी उलटी फिरली. जावयाच्या मांडीवर मी. प्रत्येक वळणावर आत्या हॉर्न वाजवायची, थांबून ऐकायची. थांब्याची जागा मोकळी होती, केळीच्या सालीही आम्हीच उचलून नेलेल्या. परत गिरणीच्या फाट्याला आलो.

"डावीकडचा मोठा रस्ता आहे, तिकडेच गेले असतील," मेकॅनिक म्हणाला.

"मास्तर माणूस आहे. अंदाजाने जायचा नाही, विचारेल," म्हणत आत्या गिरणीच्या फाटकाशी गेली. पहारेकऱ्याला सगळं आठवत होतं. "टोपीवाले ना? मला म्हणाले, इथून सायकली किती वाजता गेल्या? मी म्हटलं, मी दोनलाच कामावर आलो, इथून दिसणाऱ्या दोन्ही रस्त्यांना, घाटाच्या आणि डावीकडच्या, तर एकही सायकल पाहिली नाही. मग त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, म्हणजे खाणीच्या रस्त्याने गेले."

विचार अगदी शाळेच्या वहीत लिहावा इतका सरळ, आणि साफ चुकलेला.

खाणीचा रस्ता पांढरा, भाजलेला. सात किलोमीटर कुणी दिसलं नाही. जावई माझ्या कडा घट्ट धरून बसला होता. आठव्या किलोमीटरला बंद पडलेल्या खडीयंत्राच्या सावलीत मास्तर दिसले. सायकल नीट स्टँडवर, बाटली रिकामी, ओठ पांढरे. गाडी दिसताच ते उठले आणि सायकलकडे झेपावले. पाय वळून तिथेच बसले.

"उठू नका!" आत्या ओरडली.

"येतो मी चालवत. बिल्ला वेळेत लागलाय माझा."

"बिल्ला आला. तुम्ही नाही आलात."

पहिला घोट त्यांनी ओकला. मग आत्याने मांडी घालून त्यांना चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला. "चार मिनिटं, आत्या. गेल्या वर्षी चारच मिनिटं होती."

"आणि आज?" आत्याचा आवाज फाटला. "अडीच तास मला ठाऊकच नव्हतं की तुम्ही मागे आहात. तुमची लेक माझ्या दारात आली असती तर मी काय सांगणार होते? खिळा भरलेला होता म्हणून?"

जावई मान खाली घालून रडत होता. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "तुझी चूक नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. हात पुढे करून त्यांनी सदतीसवरचा बिल्ला काढला, खिशात टाकला आणि खडीयंत्राला धरत धरत गाडीपर्यंत गेले. बसा म्हणून कुणी सांगितलं नाही. पाच दिवसांची ती फेरी त्यांनी आपल्याच हाताने अपुरी केली. इतक्या वर्षांत रिकामा होताना मला बरं वाटलेला तो एकच खिळा.

आत्याने त्या संध्याकाळीच नियम बदलला. बाण काढायचा तो शेवटच्या माणसाची पाठ डोळ्यांसमोर ठेवून, फळीवर विसंबून नाही. मला लागलं ते. पण तिचं बरोबर होतं, आणि बरोबर असेल ते मी ऐकून घेते.

मास्तरांच्या गुडघ्यांनी पुढे खरंच साथ दिली नाही. पुढच्या वर्षी ते आले सायकलशिवाय, एक स्टूल घेऊन, आणि माझ्याशेजारी बसले. तिथून अकरा वर्षं. काय दिवस होते! टोपी कपाळावर, हातात रूळ, आणि शाळा भरल्यासारखा आवाज. "चेहरा दाखवा. हात दाखवा. आता लटकवा." एकदा एका तगड्या गड्याने दोन बिल्ले काढले. "मित्राचा आहे. मागेच आहे तो, देतो लावून."

"मित्रालाच येऊ द्या," मास्तर म्हणाले.

"अहो, मागेच आहे, म्हटलं ना!"

"मी पण मागेच होतो."

गडी हिरमुसून बाजूला बसला. मित्र चाळीस मिनिटांनी आला. चेन तुटली होती, ढकलत आणली होती सायकल.

मग काळ बदलला. दादा गेले. मास्तरही एका थंडीत गेले. जावयाने त्यांचं स्टूल आणून माझ्याशेजारी ठेवलं. सायकलवाले तीनशे झाले, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि पडद्यावर सरकणारे ठिपके. माझ्यावर तीनशे कुठून मावणार? मी आत्याच्या स्वयंपाकघरात दारामागे आले. चारवर छत्री, अकरावर किल्ल्या, तीसवर चहाची गाळणी. तक्रार नाही. आत्या आता काठी घेते, ती सदतीसवर लावत नाही. तो खिळा तिने मोकळा ठेवलाय.

गेल्या आठवड्यात भाची आली. दादांची मुलगी, आता फेरी तीच चालवते. म्हणाली, "आत्या, ही फळी दे ना मला. ऑफिसात काचेत लावते, वर छान दिवा सोडते."

"काचेत? मग बिल्ला कसा लावणार?"

"आता कोण लावतंय, आत्या? सगळं फोनवर दिसतं."

"ठिपका दिसतो. ठिपक्याला तहान लागलेली दिसते का?"

भाची हसली. मग हसू आवरून म्हणाली, "नाही दिसत. म्हणून तर मागून गाडी अजून ठेवलीय."

"गाडीत कोण असतं?"

"मी."

आत्या उठली, तीसवरून गाळणी घेतली आणि दोन कप चहाचं पाणी ठेवलं.

अजून तिने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. म्हणून तुमच्या कानावर घालते, भाची भेटली तर सांगा. मला काच नको, दिवा नको. दुपारच्या थांब्यावर पाण्याच्या पिंपाशेजारी उभी करा. बिल्ले नसले तरी चालेल. टोप्या लटकवा, घामाने भिजलेले मोजे लटकवा, मी नाक मुरडायची नाही. धापा टाकत शेवटचा कुणी येईल, टेकायला जागा शोधेल, त्याचा हात माझ्यावर पडू द्या. तो आला, एवढं मला कळलं की पुरे.