आगबोटीवरचा अबोला

मी एक जुनी आगबोट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी वैतागलेली आहे. वयामुळे नव्हे, गंजामुळेही नव्हे. माणसांमुळे.

माझा जन्म एका गोदीत झाला. तापवून लालभडक केलेले खिळे पत्र्यांत ठोकून कारागिरांनी माझे अंग शिवले. त्या काळी लोकांचा वाफेवर पुरता विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी माझ्या पोटात इंजिन घातले, पाठीवर उंच धुराडे बसवले आणि वर पुन्हा दोन डोलकाठ्या आणि शिडेही दिली. नवे जोडे पायात घालून जुने काखोटीला मारावेत, तसा प्रकार!

माझ्या आधी टपाल शिडाच्या गलबतांतून जाई. वारा पडला की गलबत जागच्या जागी. मुलगा झाल्याचे पत्र आजोळी पोचेपर्यंत मुलगा रांगू लागलेला असे. मी आले आणि हे सारे पालटले. ठरलेल्या दिवशी मी ठरलेल्या बंदराला लागू लागले. माझा धूर दिसला की पोस्टातली माणसे हातगाड्या घेऊन धक्क्याकडे धावत. आधी टपालाच्या थैल्या उतरत, मग माणसे. माणसांना याचा फार राग येई. पण टपालाने मला कधी त्रास दिला नाही. माणसे गाद्या, कोंबड्या, शिवणयंत्रे घेऊन चढत, जिन्यातच बसकण मारत आणि धक्क्याचा दोर सुटायच्या आत विचारत, "आता किती राहिलं हो?"

तेही मी सोसले. सोसले नाही ते कप्तान आणि दाजी यांचे भांडण.

दाजी म्हणजे माझे मुख्य इंजिनवाले. कप्तानाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी बोट त्यांना दाजीच म्हणे. घरी गेले की कप्तान धाकटा मेहुणा, आणि बोटीवर चढले की दाजींनी त्याचे हुकूम ऐकायचे. अशी उलटी घडी बसवणाऱ्या कंपनीला काय म्हणावे? तरी बरीच वर्षे निभले. मग एकदा सगळे जेवायला बसले असताना कोणीतरी कप्तानाचे कौतुक केले, की तुमची बोट कधी उशीर करत नाही. दाजी म्हणाले, "बोट वेळेवर येते ती बॉयलर नीट असतो म्हणून." कप्तान हसून म्हणाला, "कोळसा काय, कुणीही टाकतं, दाजी."

झाले. दाजी पानावरून उठले. त्या दिवसापासून दोघांत अबोला.

आता कप्तान माझ्या माथ्यावर, दाजी माझ्या पोटात. दोघांमध्ये बोलायची पितळी नळी होती. वरून बोलले की खाली स्वच्छ ऐकू येई. पण हे दोन शहाणे तिला तोंड लावीनात. निरोपासाठी बटलरला पिटाळायचे. तो बिचारा गुडघेदुखीचा. चहाचा ट्रे सोडून तो खाली जाई. "कप्तानसाहेब म्हणतात, वेग वाढवा." मग वर येई. "दाजी म्हणतात, वाढत नाही." पुन्हा खाली. "का वाढत नाही, विचारलंय." दाजी म्हणत, "त्यांना सांग, कोळसा कुणीही टाकतं, त्यांनी स्वतः येऊन टाकावा." हे मात्र बटलर वर सांगत नसे. "ते बघतो म्हणाले," एवढेच सांगून तो गुडघा चोळत बसे. भांडण यांचे आणि जिने झिजले माझे!

एके सकाळी निघायच्या वेळी दाजींची बायको धक्क्यावर आली. हातात कपड्यांचे बोचके, डोळे सुजलेले. पलीकडच्या बंदराहून तिच्या माहेरचा एक शेजारी निरोप घेऊन आला होता. तिची आणि कप्तानाची आई तिथे अंथरुणाला खिळली होती. शुद्ध येत होती, जात होती, आणि शुद्धीत आली की एकेकाचे नाव घेत होती.

"दादा, लवकर ने रे मला," ती म्हणाली. भाऊ धाकटा असला तरी ती त्याला दादाच म्हणे. "आणि ह्यांना सांग. मला आत्ता खाली उतरायचं त्राण नाही."

"सांगतो," कप्तान म्हणाला.

आणि त्याने काय केले ठाऊक आहे? बटलरला हाक मारली आणि म्हणाला, "खाली सांग, आज पूर्ण वेग हवा." बस्स. आईचा शब्दही नाही. कारण सांगितले असते, तर ती विनंती झाली असती ना!

खाली दाजी पंपापाशी कान लावून उभे होते. बॉयलरला पाणी पुरवणारा तो पंप सकाळपासून कुरकुरत होता. तो उघडून साफ करायचा, तर निघायला थोडा उशीर झाला असता. बटलरचा निरोप ऐकून त्यांचे डोके फिरले. "पुन्हा कौतुक हवं असेल कुणाकडून. हवा ना पूर्ण वेग? घ्या." आणि पंप न उघडताच त्यांनी इंजिन सुरू केले.

मित्रांनो, मला बोलता आले असते, तर मी दोघांचे कान धरले असते. मला फक्त भोंगा होता, आणि तोही दुसऱ्याने ओढल्याशिवाय वाजत नव्हता.

दुपारी, किनाऱ्याच्या खडकांची रांग डावीकडे दिसू लागली असताना, पंप फुटला. बॉयलरला पाणी मिळेना. दाजींनी आरडाओरडा करून भट्ट्यांतला विस्तव बाहेर ओढायला लावला, नाहीतर माझ्या चिंधड्या उडाल्या असत्या. इंजिन थांबले. वारा मला हळूहळू खडकांकडे ढकलू लागला. पाणी इतके खोल, की नांगर तळाला लागेना. प्रवासी रडू लागले. बटलर अर्ध्या जिन्यावर बसला आणि म्हणाला, "माझ्याच्यानं आता एक पायरी चढवत नाही की उतरवत नाही. काय ते तुमचं तुम्ही बघा."

तेव्हा बहीणच खाली उतरली. कोळशाने काळवंडलेल्या चेहऱ्याच्या नवऱ्यापुढे उभी राहून ती म्हणाली, "आई वाट बघतेय हो. आपण पोचू ना?"

"कुणाची आई?"

"दादानं तुम्हाला सांगितलं नाही?"

दाजी तसेच उठले. अबोला धरल्यापासून पहिल्यांदा ते माझे सगळे जिने चढून कप्तानासमोर गेले.

"आई आजारी आहेत, आणि मला कळवावंसं वाटलं नाही? मी कोण, परका? सकाळी सांगितलं असतंस तर मी पंप उघडून साफ केला असता. आपण असे मधेच अडकलो नसतो!"

कप्तान म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल."

"त्यांच्या हातचं जेवलोय मी!"

त्यावर कप्तानाने मान खाली घातली. "चुकलं माझं, दाजी. आता काय करू ते सांगा."

"शिडं उभार. फक्त खडकांपासून लांब ठेव. बाकी मी बघतो."

कुजत पडलेली शिडे बाहेर आली. एक फाटले, दुसरे टिकले. खलाशांबरोबर प्रवाशांनीही दोर ओढले. कप्तान सुकाणूवर होता आणि तोंड पितळी नळीला. "दाजी, वारा फिरतोय." "फिरू दे, मला अजून थोडा वेळ हवा." "देतो, दाजी." माझ्या कुशीला खडकांवरच्या फेसाचे शिंतोडे लागले. पण मी वाचले. दाजींनी पंप बांधून काढला, पुन्हा विस्तव पेटवला आणि मी निघाले, जीव तोडून धावले.

त्या दिवशी टपालाला पहिल्यांदा उशीर झाला. धक्क्यावर हातगाड्यांच्या पुढे शेजारीण उभी होती. तिने काही सांगायच्या आधीच बहीण मटकन खाली बसली. आई ऊन कलताना गेली होती. शेवटी म्हणे तिने दोघांची नावे घेतली होती, मुलाचे आणि जावयाचे. भोंगा ऐकू आला का, असे विचारले होते.

कप्तान तिथेच उभा राहिला. दाजींनी त्याच्या खांद्यावर काळा हात ठेवला, आणि दोघे बहिणीला मधे घेऊन चालत गेले.

त्यानंतर दोघे इतके बोलू लागले, की नळीत दिवसभर चिवचिवाट. तोही एक वैतागच. पण त्याची मी कधी तक्रार केली नाही.

पुढे टपाल विमानाने जाऊ लागले आणि माणसेही मला सोडून गेली. माझे इंजिन काढून नेले आणि मला कोळसा साठवायला खाडीत बांधून ठेवले. आता तोही कोणी ठेवत नाही. मला रंग द्या, तेल द्या, असे मी म्हणणार नाही. दिलात तर आनंदच आहे. पण मित्रांनो, घरात कुणाशी अबोला धरला असेल, तर आधी तिकडे जा. रागावून बोललात तरी चालेल, पण बोला. मधे कुणाला पिटाळू नका. स्वतः जिना उतरा.