चारातला एक

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या कलशेट्टींच्या गाडीला माणसं ओळखू यायची. चन्नप्पा कलशेट्टी शेंगांच्या अडतीवर निघाले की गाडी गुमान जायची. त्यांच्या पत्नी गुरम्मा देवळाला निघाल्या की अदबीनं जायची. थोरला निंगप्पा एकटाच हाकत निघाला तर शीळ घालत जायची. आणि त्याची नवी बायको शांतम्मा मागच्या सीटवर टेकली, की पहिला चौक ओलांडायच्या आत गाडीच्या पोटात काहीतरी अडखळायचं. फट्. मग गप्प. मग पुन्हा फट्. त्या फट्‌ला कुणी भीत नव्हतं. भीती वाटायची ती मधल्या गप्पची.

गाडी म्हणजे एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतलेली जुनी लँडमास्टर, म्हशीच्या रंगाची आणि साधारण त्याच स्वभावाची. लग्नानंतर शांतम्माला अक्कलकोटाहून आणताना वळसंगाजवळ ती पहिल्यांदा अडखळली. नवरदेव स्वतःच हाकत होता. त्यानं उतरून एक प्लग काढला, लग्नाच्या उपरण्यानं पुसला, परत बसवला आणि कशीबशी घरी आणली. गोष्ट तिथंच मिटायची. पण दुसऱ्या दिवशी होटगी नाक्यावरचा धोंडिराम मिस्त्री गाडी बघायला घरी आला. त्यानं बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि नाडी बघणाऱ्या वैद्याच्या आवाजात सांगितलं, “काकू, चारातला एक मेलाय.”

त्याला सिलिंडर म्हणायचं होतं. इंजिनाला चार सिलिंडर, त्यातलं एक पेटत नव्हतं, एवढाच अर्थ. पण धोंडिरामच्या तोंडात कायम तंबाखू असायची, त्यामुळे तो शब्द जपून वापरायचा. नवा प्लग घालून, गाडी ठणठणीत करून तो निघून गेला. गुरम्मा मात्र ओट्यावर बसून बोटं मोजत राहिल्या. हे. मी. निंगप्पा. हुबळीला शिकायला असलेला धाकटा. चार.

सून अजून मोजणीत आली नव्हती.

संध्याकाळी हुबळीला तार गेली, ‘तब्येत कळव’. उलट तार आली, ‘तब्येत ठीक पण का’. त्या ‘पण का’नं गुरम्मांची झोप उडाली.

शांतम्मा पुन्हा गाडीत बसायची वेळ आली तेव्हा गुरम्मांनी आधी गाडीची दृष्ट काढायची ठरवली. दृष्ट म्हणजे मीठ, मोहरी, लाल मिरच्या; ओवाळायच्या आणि चुलीत टाकायच्या. माणसाची दृष्ट घरच्या चुलीत जाते, यात वाद नाही. पण गाडीची दृष्ट घरच्या चुलीत टाकली तर ती घरात येणार. गुरम्मांचा विचार पक्का असायचा. गाडीची दृष्ट गाडीच्याच चुलीत गेली पाहिजे.

“निंगप्पा, गाडीची चूल कुटं असती रं?”

“बॉनेटखाली की, अव्वा.”

“पेटव.”

निंगप्पानं गाडी चालू केली, बॉनेट उघडलं. गुरम्मांनी मूठभर मीठ-मोहरी तापलेल्या इंजिनावर टाकली. मोहरी तडतडली. “बगा, किती जबर हाय!” असं म्हणून आग शांत व्हावी म्हणून त्यांनी वरून तांब्याभर पाणी ओतलं. मग सुनेला म्हणाल्या, “बस आता.”

शांतम्मा बसली. चौक यायच्या आत गाडी म्हणाली, फट्.

त्या दिवसापासून हाच क्रम. सून निघाली की दृष्ट, दृष्ट निघाली की फट्. दुसऱ्या दिवशी धोंडिरामकडे नेली की गाडी शाळेतल्या पहिल्या नंबराच्या पोरासारखी वागायची, कारण पाणी वाळलेलं असायचं. धोंडिरामनं प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉईलसुद्धा बदलली. शेवटी बदलण्यासारखी सूनच उरली. “काकू, गाडीत काय न्हाय,” तो हात पुसत म्हणाला. “आमच्या पान्यात बसणारं हे काम न्हाय. घरात बगा.”

गुरम्मा घरात बघू लागल्या. शांतम्मा पाणी भरायला उठली की त्यांची नजर तिच्या पावलांवर. ती चन्नप्पांना ताट वाढायला वाकली की गुरम्मा मध्येच हात घालून म्हणायच्या, “दे हिकडं, मी वाढते.” कुणी रागावत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं. घरातली माणसं तिच्याशी जपून बोलू लागली होती, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. शेजारच्या बायका विचारायच्या, “कशी हाय गं गाडी?” आणि विचारताना गाडीकडे कुणीच बघत नसायचं.

मार्गशीर्षात येळवस जवळ आली. येळवसेला सगळ्या घरानं शेतावर जायचं, काळ्या आईची पूजा करायची, भज्जी-आंबील खायची. कलशेट्टींचं शेत वळसंगच्या अंगाला, म्हणजे अक्कलकोटच्याच रस्त्यावर. ताक घुसळता घुसळता शांतम्माला माजघरातलं बोलणं ऐकू आलं.

“येळवसेला समदे गाडीतनं जाऊ,” गुरम्मा सांगत होत्या. “नीट गेली तर देव पावला. फट्-फट् करून मिसिंग मारली, तर तिला शेतावर उतरवायचंच न्हाय. तसंच म्होरं अक्कलकोट. ट्रंक डिकीत टाकून ठेवते.”

“कायमचं?” चन्नप्पांनी विचारलं.

“ह्या चारातलं एक जाण्यापरास बाहेरचं परत गेलेलं बरं.”

चन्नप्पा काही बोलले नाहीत. बायकोपुढं न बोलण्याची कला त्यांनी इतकी वाढवली होती की कधी कधी ते घरात आहेत की नाहीत, हेच कळायचं नाही.

शांतम्माचा हात रवीवर थांबला. परत गेलेली म्हणजे काय, ते तिनं पाहिलं होतं. तिची एक मावशी अशीच परत आली होती, ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून. तेव्हापासून मावशी जात्याजवळच बसते, भिंतीकडे तोंड करून, आणि हळदीकुंकवाला तिला कुणी हाक मारत नाही. शांतम्माच्या पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या होत्या. एक थोरली परत आली की दोघींचीही स्थळं फिरणार.

त्याच आठवड्यात मुरारजी पेठेत एका बारशाला जायचं होतं. दृष्ट निघाली, आणि सिद्धेश्वर तळ्याच्या कडेला गाडी पार बसली. निंगप्पानं बॉनेट उघडलं आणि बायकोच्या हातात फडकं दिलं. “मी हँडल मारतो, तू हे प्लग अन् ही डिलकोची टोपी पूस.”

डिलको म्हणजे चारी प्लगना पाळीपाळीनं वीज वाटणारा डबा. वर काळी टोपी, टोपीतून निघालेल्या तारा. शांतम्मानं पुसायला सुरुवात केली आणि तिचं बोट झोंबलं. सकाळी वांगी चिरताना विळीनं कापलेलं बोट. इतकं झोंबलं की तिनं ते चटकन तोंडात घातलं.

खारट.

तिनं डिलकोच्या टोपीवरची पांढरी कड नखानं खरवडली, जिभेला लावली. खारट. प्लगच्या बुडाशी मोहरीचे चार दाणे अडकले होते. तिनं एक दाणा उचलून निरखला; दृष्टीच्या ताटातलाच. मग नवऱ्याला म्हणाली, “अहो, ही वीज ह्या मिठाच्या पाण्यातनं भलतीकडंच पळतीया. प्लगला पोचतच न्हाय. दृष्ट काढली की गाडी बिगडती.”

निंगप्पानं हँडल सोडलं. त्याला पटलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पटल्यामुळेच तो घाबरला. “अव्वाला हे सांगणार कोण?”

“तुमी.”

“तुला घामाचं खारट लागलं असंल,” निंगप्पा म्हणाला आणि पुन्हा हँडल मारू लागला.

येळवसेच्या आदल्या दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर शांतम्मा अंगणात गेली. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तिनं प्लग पुसले, मग कोरड्यानं. दोन कड्या दाबून डिलकोची टोपी सोडली, आतून पुसली, परत बसवली. तारा उपटायच्या नाहीत, हे ती नवऱ्याच्या चुका बघून शिकली होती. पण सकाळी दृष्ट निघणारच होती. ती थांबवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं.

पहाटे तिनं दृष्टीचं ताट भरलं. मोहरी घातली, मिरच्या घातल्या, आणि खड्याच्या मिठाऐवजी देवघरातली खडीसाखर जाडसर कुटून घातली. पाणी तांब्यात न देता फुलपात्रात दिलं, तेही अर्धं. गुरम्मांच्या डोळ्यांत फूल पडायला लागलं होतं. त्यांना पांढरं ते पांढरं दिसलं. त्यांनी ओवाळलं, गाडीच्या चुलीत टाकलं आणि उरलेली चिमूट नेहमीप्रमाणे पदराच्या गाठीत बांधली.

गाडी निघाली. चौक गेला. नाका गेला. शांतम्मा मागं काचेशी बसली होती, डिकीत तिची ट्रंक होती. सगळे इंजिन ऐकत होते. बाहेर धुकं होतं, दोन्ही बाजूंना ज्वारी काळी उभी होती. गाडी पळत होती, तेलात पळी फिरवावी तशी. एकदाही फट् नाही.

निंगप्पा आरशातून बायकोकडे बघून चोरून हसला. पण गुरम्मांचा चेहरा मैलामैलाला उतरत चालला होता. शेताच्या वळणावर त्या म्हणाल्या, “थांबव.”

गाडी थांबली.

“इतकी नीट कशी चालली?”

“सुधारली की, अव्वा.”

“म्हंजे ते गाडीतनं उतरलं,” गुरम्मा म्हणाल्या. “उतरून गेलं कुणात?”

आणि नेमकी त्याच क्षणी चन्नप्पांना जांभई आली. पहाटे उठवलेल्या जाड माणसाला येते तशी, तोंडभर, आवाजासकट. गुरम्मांनी नवऱ्याकडे बघितलं. जांभई म्हणजे बाधेची पहिली खूण. त्यांनी पदराची गाठ सोडली, चन्नप्पांवरून चिमूट ओवाळली आणि त्यातला एक खडा त्यांच्या जिभेवर ठेवला.

“कसं लागतंय?”

चन्नप्पांनी चोखून बघितलं. चेहरा खुलला. “गोड हाय की!”

साप चावलेल्याला कडुनिंब गोड लागतो, हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. मीठ गोड लागणाऱ्याचं काय होतं, ते सांगायला कुणी उरत नसावं. चन्नप्पांनी इतरांचे चेहरे पाहिले, आणि त्यांनाही आपल्याला बरं वाटत नाहीसं वाटू लागलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. घाम खरोखरच फुटला होता.

“डाक्तरकडं घ्या रं,” ते बारीक आवाजात म्हणाले.

शांतम्मानं ट्रंकेचा विचार केला. गप्प राहिलं तर गाडी नीट चालली, एवढंच खरं राहील. गप्प राहिलं तर हा माणूस भीतीनंच जाईल, आणि मग तिच्या पायांचा रंग कुणाला विचारायला नको. बोललं तर सासूच्या दृष्टीत साखर कालवलेली सून म्हणून अक्कलकोट. दोन्ही वाटा एकाच गावाला जात होत्या.

“मामंजी, तुमाला काय झालं न्हाय,” ती म्हणाली. “ती खडीसाखर हाय. मी ठेवली.”

मग तिनं सगळं सांगितलं. बोट, खारट कड, मोहरीचे दाणे. गुरम्मांनी ऐकून घेतलं. पदरातला एक खडा स्वतःच्या जिभेवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

“उतर,” त्या सुनेला म्हणाल्या. “समदेच उतरा. हिनं लांब जाऊन उभं ऱ्हायचं, त्या बांधावर.”

आंबिलीसाठी घेतलेली मिठाची पुडी त्यांनी टोपलीतून काढली. बॉनेट उघडायला लावलं. या वेळी दृष्ट नव्हती, ओवाळणं नव्हतं. मूठभर मीठ आणि वर तांब्याभर पाणी. मग त्या एकट्याच मागच्या सीटवर जाऊन बसल्या, बरोबर शांतम्माच्या जागी. “निंगप्पा, हाक. त्या बाभळीपतुर.”

निंगप्पानं हाकली. बाभळ खूप लांब होती. अर्ध्या वाटेत आवाज आला. फट्. मग गप्प. मग फट्.

शांतम्मा बांधावर उभी होती. तिला वाटलं होतं, हा आवाज ऐकून आपण हसू. हसू आलं नाही. गाडी जाग्यावर वळली, अडखळत परत आली. मागच्या काचेत गुरम्मांचा चेहरा दिसत होता. त्या सुनेकडे बघत नव्हत्या. स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

“बगा, मी न्हवते गाडीत,” शांतम्मा म्हणाली. “मीठच व्हतं ते, आत्याबाई.”

“व्हय,” गुरम्मा म्हणाल्या. त्यांना मिठाचं पटलं होतं. पण माणसाला एक गोष्ट पटली म्हणून दुसरी जात नाही. “मीठ व्हतं. पण टाकत कोण व्हतं?” त्या खाली उतरल्या. “मी चार मोजले. एकदाबी माझ्यावर बोट थांबवलं न्हाय. चारात मीबी हाय की.”

चन्नप्पा म्हणाले, “अगं, मिस्त्रीला सिलिंडर म्हणायचं व्हतं गं.” बायकोला उलट बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि ती वाया गेली.

पूजा झाली. भज्जी-आंबील झाली. गुरम्मांनी कुणालाच वाढलं नाही. भांड्यांना हातही लावला नाही. शांतम्मानं वाढलं, आणि यावेळी मध्ये कुणी हात घातला नाही. अक्कलकोटचं नाव निघालं नाही. परतताना गुरम्मा गाडीत बसेनात.

“मी चालत येते.”

“सोलापूर लई लांब हाय, अव्वा!”

“मी बसले तर बिगडती. तुमी व्हा म्होरं.”

निंगप्पानं हातापाया पडून पाहिलं. शेवटी शांतम्मा गाडीतून उतरली आणि सासूच्या बाजूनं चालू लागली. मागून गाडी माणसाच्या पावलानं येत होती, मिठाचं पाणी अजून वाळलं नव्हतं. फट्, गप्प, फट्. ऊन कलत होतं. दोघींच्या सावल्या रस्त्यावर लांब पडल्या होत्या.

गुरम्मांनी एकदा खाली बघितलं आणि त्या झटकन रस्त्याच्या कडेला सरकल्या.

“लांबनं चाल, पोरी,” त्या म्हणाल्या. “माझी सावली तुझ्यावर पडतीया.”