बर्फी लागली त्या ईदेला

वाऱ्याने आंबे पाडले नसते, तर हाजराने यंदा बर्फी केलीच नसती. तसं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. हिवाळ्यात नूर मोहम्मदला लकवा मारला, उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, आणि तेव्हापासून तिचा दिवस कुठे सुरू होतो नि कुठे संपतो याचा तिलाच पत्ता नव्हता. नवऱ्याला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, मऊ भात भरवायचा, गळलेला टिपायचा, चादरी धुवायच्या, की पुन्हा वळवायची वेळ. मूल गावच्या बाजारातलं त्याचं शिवणकामाचं दुकान बंद पडलं होतं. मशीन घरात आणून ठेवली होती, तिच्यावर आता औषधांच्या बाटल्या राहायच्या.

पण ईद तोंडावर आली आणि वाऱ्याने एका रात्रीत परसातला आंबा झोडपून काढला. सकाळी हाजराने दार उघडलं तर अंगणभर पिवळे गावरान आंबे. काही फुटलेले, काहींना मुंग्या लागलेल्या. ती उंबऱ्यावर तशीच बसली. एरवी आनंद झाला असता. आज तिला नुसतं वाकायचं काम दिसलं.

बर्फीची रीत काही जुनी नव्हती. बकरी ईद दरसाल थोडी थोडी मागे सरकते. ती सरकत सरकत आंब्याच्या दिवसांत आली, तेव्हा हाजराला सुचलं की मटण न खाणाऱ्या शेजाऱ्यांच्या घरी या ईदेला आपण काही देतच नाही. तिने रस आटवला, साखर-खवा घातला, वड्या पाडल्या आणि सगळ्या गल्लीत वाटल्या. झालं! दुसऱ्या साली मे महिन्यातच लोक विचारायला लागले. मायेने केलेली गोष्ट लोकांच्या जिभेवर चढली की ती कर्तव्य होऊन बसते.

मुलगा जुबेर नि सून निशात दोघंही भद्रावतीला नोकरीला होते. तिने जुबेरला फोन लावला. "निशातले दोन दिस आधी पाठवतोस का रे? आंबे पडले."

"अम्मी, तिची सुट्टी ईदेचीच आहे. मीबी तवाच येतो. तू काऊन करतेस? फेकून दे."

फेकून दे. हाजराने फोन ठेवला आणि टोपली घेतली.

दिवसभर ती मधूनमधून रस काढत राहिली. गावरान आंब्याला रेषा फार. चाळणीतून घासून घासून मनगट भरून आलं. आत नूर मोहम्मदने हूं केलं की हात धुऊन जायचं, परत यायचं, परत हात भरवायचे. दुपार कलल्यावर शेजारच्या आशाबाईची मोठी पितळी कढई तिने परसातल्या चुलीवर चढवली, अर्धा रस तिच्यात ओतला, उरलेला गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, झाकून ठेवला आणि सराटा फिरवायला लागली. रस आटताना हात थांबवून चालत नाही, हे तिला काय सांगायचं! रस फदफदत होता, धूर डोळ्यांत जात होता. तिने पाठ जरा आंब्याच्या बुंध्याला टेकली.

धप्प असा आवाज झाला तेव्हा ती दचकून उठली. आवाज घरातून आला होता. ती धावली. नूर मोहम्मद बाजेवरून खाली पडला होता, एक हात अंगाखाली अडकलेला, कपाळाला खरचटलेलं.

"या अल्ला! कशाले उठले तुमी? का पाह्यजे होतं? आवाज द्याचा ना!" ती ओरडली. घाबरून ओरडली, पण त्यात सहा महिन्यांचा राग होता, आणि तो तिचा तिलाच ऐकू आला.

त्याने डावा हात उचलला. बोट नाकाला लावलं, मग परसाच्या दाराकडे केलं. "ज... जळ..."

तेव्हा कुठे तिला वास आला. घरभर करपट वास भरला होता. तिला झोप लागली होती, चुलीपाशी, हातात सराटा धरून. त्याला वास आला. त्याने आवाज दिलाच असणार. त्याचा आवाज परसापर्यंत पोचतो कुठे? म्हणून तो उठायला गेला. चालता न येणारा माणूस तिच्यासाठी उठायला गेला.

ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. उचलायचं बळ नव्हतं. कढई उतरवायलाही ती गेली नाही.

वासाने आशाबाईच आली, पदराने नाक धरून. मागून तिचा नवरा सोमाजी. "का झालं वो हाजराबाई? कढई जळून राह्यली अन्‌..." पुढचं सोडून ती परसात जाऊन कढई उतरवून आली. सोमाजीने नूर मोहम्मदला काखेत हात घालून उचललं. "चला नूरभाऊ, वजन तं काईच नाई राह्यलं तुमचं," असं बोलत त्याला बाजेवर नीट निजवलं, हातपाय हलवून पाहिले. काही मोडलं नव्हतं.

"मी थकली, आशाबाई," हाजरा म्हणाली. घरात आजवर हे कुणी ऐकलं नव्हतं. "तुही कढई काळी केली मी. या साली नाई होत माह्यानं."

"नाई होत तं नाई होत. कढई घासल्या जाते. उरलेला रस कुठी आहे?"

"गंजात. पन तुले जमन का?"

"न जमाले का झालं? सांग कसा करतेस."

हाजराने सांगितलं. आशाबाईने अर्धं ऐकलं, गंज उचलला आणि गेली. सोमाजी बाजेपाशी बसून धानाच्या बियाण्याच्या गोष्टी करत राहिला, आणि हाजरा भिंतीकडे तोंड करून झोपली ती दिवेलागणीलाच उठली.

ईदेच्या दिवशी आशाबाईने ताटं आणली. तिने साखरेऐवजी गूळ घातला होता, खवा विसरली होती. तपकिरी, मऊ, चमच्याने खायचं काहीतरी झालं होतं. "थापाले गेली तं थापल्याच जात नाई," ती म्हणाली आणि वाट्यांतूनच गल्लीत वाटून आली. "हाजराबीची बर्फी यंदा पातळ कशी?" असं विचारायला लोक दारी आले, तर हाजराने सरळ सांगितलं, "माही नोहे. आशाबाईची आहे."

नूर मोहम्मदला मात्र ते घट्ट बर्फीपेक्षा सोपं गेलं. चावायचं नव्हतंच. निशात भरवत होती. तो जिभेवर घोळवून खात होता आणि प्रत्येक घासाला आशाबाईकडे बघून मान हलवत होता.

जुबेरने कपाळावरची जखम पाहिली. मग म्हणाला, "अम्मी, दोघंबी भद्रावतीले चाला."

"तिथं याहिले कोन उचलन? तू ड्यूटीवर, निशात ड्यूटीवर."

जुबेर दुसऱ्या दिवशी गेला. निशातने फोन करून सुट्टी वाढवून घेतली आणि रविवारपर्यंत राहिली. तेवढे दिवस तिनेच सासऱ्यांचं सगळं केलं. हाजरा बहुतेक झोपूनच होती. जेवायला उठायची, खायची, पुन्हा पडायची.

निशात गेल्यावर काम होतं तिथेच होतं. फरक एवढाच की शेतावर जाण्याआधी रोज सकाळी सोमाजी दारात येऊन खाकरतो, नूर मोहम्मदला उचलून खुर्चीत बसवतो आणि निघून जातो. त्या वेळात हाजरा बाज झाडते, चादर बदलते, आणि जमलं तर उभ्यानेच एक कप चहा पिते.