नळीने दाखवलेले सदतीस टक्के

मित्रांनो, माझ्या पोटात शिशाचे छर्रे आहेत आणि मानेवर आकडे. मी दारूची तीव्रता मोजणारी काचेची नळी. दारू जितकी कडक, तितकी मी तिच्यात खोल जाते. पाणी जास्त असेल तर मान वर काढते. काचकाराने आकड्यांचा कागद आत सरकवून तीनदा तपासला आणि मगच माझे टोक वितळवून बंद केले.

माझे पहिले मालक भट्टीवाले. नासपती आंबवून ते दारू गाळत. दुसऱ्या कुणाचा माल घ्यायचा असला की कोटाच्या आतल्या खिशातून मला काढत. समोरचा शपथा घेऊ लागला तर म्हणत, "तुमचं राहू द्या. हिला बोलू द्या." त्या खिशात तीस वर्षे काढल्यावर मलाही तीच खोड लागली. हसून बाटली पुढे करणारा दिसला की मला आधी पाण्याचा संशय येई. लबाड पकडला गेला की, खरे सांगते, मला मजा वाटे.

ते गेले आणि भट्टी त्यांच्या मुलाकडे आणि धाकट्या मुलीकडे आली. मोजायला विजेचे यंत्र आले. मी पायमोज्यात गुंडाळली जाऊन खणात पडले.

यंदा छोट्या भट्टीवाल्यांचा चाखण्याचा मेळा भरला. यंत्र ऐन वेळी बंद पडले, म्हणून मला नेले. मोठा मांडव, साठ टेबले, प्रत्येकावर अंगठ्याएवढे पेले. समोरच्याची बाटली गरजेपेक्षा जास्तच देखणी होती. शेजारचा सगळ्यांना आग्रह करीत होता, स्वतः मात्र घोटही घेत नव्हता. मी दोघांनाही मनात टिपून ठेवले.

मेळ्याचा नियम कडक होता. लेबलावरचे माप आणि बाटलीतले माप जुळले नाही, तर तीन वर्षे प्रवेश बंद. आमच्या लेबलावर बेचाळीस टक्के छापलेले. भट्टीतून उतरलेल्या कडक दारूत पाणी घालून ती बेचाळीसवर आणणे हे भावाचे काम. या खेपेला ते त्याने एकट्याने केले होते.

एका गिऱ्हाइकाने पेला संपवून तोंड वाकडे केले. "ताई, रागावू नका, पण जरा पाणचट लागते."

बहिणीने टेबलाखालच्या टबातून बाटली काढली, उंच भांड्यात ओतली आणि मला आत सोडले. मी सदतीसवर थांबले.

"दादा, पाणी किती घातलंस?"

"नेहमीएवढंच. का गं?"

"सदतीस दाखवतेय."

"म्हातारी झालीय ती. खणात पडून गंजली असेल."

"काच गंजते होय? बाटल्या कमी भरतायत म्हणून परवा तूच रडत होतास. वाढवल्यास ना चार-पाच?"

"ठमे, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. बाबांचं नाव आहे त्या बाटलीवर!"

त्याने हातातला फडका टेबलावर ठेवला. "बरं. घातलं म्हण."

पकडला! मला जुने दिवस आठवले. त्याचा पडलेला आवाज हाच मला पुरावा वाटला.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि आधी भांड्याला हात लावला.

"ही कशातून काढलीत?"

"बर्फातून. उकाडा फार म्हणून सकाळी यानेच बाटल्या..." बहीण बोलता बोलता थांबली.

बाईंनी तापमापी बुडवली. आठ अंश. "आणि या नळीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

माझ्या आकड्यांखाली वीस अंश लिहिलेले आहे. माझे माप त्याच तापमानाला खरे. गार दारू घट्ट होते, तीत मी उगाच वर तरंगते. तिची चवही दबते. घरी तापमापी जवळच टांगलेली असे. इथे घाईत कुणाला तिची आठवण झाली नाही.

भांडे कोमट पाण्यात ठेवले. मी हळूहळू खाली गेले आणि बेचाळीसवर टेकले. बाईंनी वहीत खूण केली आणि त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

"दादा..."

"पेले संपलेत," तो म्हणाला. "धुऊन आण."

आता मला मऊ अस्तराची पेटी मिळाली आहे. मला धुऊन, कोरडी करून ठेवतात, आपटत नाहीत. तुम्हीही अशा नाजूक वस्तू अशाच जपा, आणि त्यांनी दाखवलेला आकडा कुणाच्या तोंडावर फेकण्याआधी तो कोणत्या अवस्थेत घेतला ते विचारा. मी खोटे बोलले नव्हते, पण अर्धेच बोलले होते.

भाऊ आता एकट्याने पाणी घालत नाही. दर वेळी मला आणि तापमापीला भांड्यात सोडतो आणि हाक मारतो, "ये, बघून जा."

"मला नाही बघायचं, दादा. घाल की तू."

"बघून जा."

ती येईपर्यंत तो हात मागे बांधून उभा राहतो. आत्ताही उभा आहे. मी बेचाळीसवर आहे, तापमापी वीसवर. मित्रांनो, ती येतेय. एकदा तरी तिने आम्हा दोघींना सोडून त्याच्याकडे बघावे, एवढेच माझे मागणे आहे.