पदर सोडून मोजलेली आज्ञा

मित्रांनो, टेबलाखालची ही पोचे आलेली पेटी बघून नाक मुरडू नका. तीच मी. म्हातारी झाले, रंग उडाला, पण पोटातल्या चकत्या अजून गरगर फिरतात. त्या फिरायला लागल्या की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कुणीतरी काहीतरी मागावं आणि मी ते झटकन काढून द्यावं, असं सारखं वाटतं. माझा स्वभावच चुळबुळ्या, त्याला कोण काय करणार?

मी संगणकाची माहिती साठवणारी पेटी. इतर डिस्क साध्या असतात. ‘अमुक नंबरच्या खणातलं दे’ एवढं म्हटलं की त्यांचं भागतं. माझं तसं नाही. कोणती वस्तू हवी, कोणत्या गठ्ठ्यातली, कुठून कुठवर, मागणाऱ्याला परवानगी आहे की नाही, हे सगळं समोरच्यानं मला एका दमात सांगावं लागतं. म्हणून मला दिलेली आज्ञा लांब असते, आणि दर वेळी तिची लांबीही वेगळी. जन्मले त्या कारखान्यात याचं केवढं कौतुक झालं होतं! पुढे तेच माझ्या जिवावर उठलं.

शहापूरच्या विणकर सोसायटीनं मला विकत आणलं. तिथं कौशल्याबाई कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचे काठ चौकटीच्या कागदावर काढत. तलावातली कमळं, शिंगाडे, धानाच्या लोंब्या, मोहाची फुलं. कागदांच्या प्रती माझ्या पोटात ठेवल्या जात आणि विणकर त्या माझ्याकडून घेऊन मागावर चढवत. काय दिवस होते ते! पुढे एका पुरात सगळे कागद गेले. मी माळ्यावर होते म्हणून वाचले. मग माझी लांब आज्ञा नीट पाठवणारा जुना संगणक बंद पडला, नवा आला, त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली. मला त्याला जोडलं, आणि माझ्याकडून कुणाला काही म्हणजे काही मिळेना.

तोवर कौशल्याबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. बारीक चौकटी त्यांना दिसेनात. म्हणजे त्या नक्ष्या आता जगात एकाच ठिकाणी होत्या, माझ्या पोटात. म्हणून सोसायटीतून त्यांनी मला घरी आणून ठेवलं होतं.

“हे डबडं कायले ठेवलं?” सोसायटीचे सचिव धनीराम एक दिवस त्यांच्या घरी येऊन म्हणाले. “सोमवारी भंगारवाला येऊन राहिला. देऊन टाकू.”

“माह्या साऱ्या नक्ष्या हायेत जी त्याच्यात,” कौशल्याबाई कळवळून म्हणाल्या.

त्यांची लेक दामिनी नागपूरला प्रोग्रामर. सुटीवर आली होती. “काका, सोमवारपर्यंत पाहू द्या मले,” ती म्हणाली, आणि मला मांडीवर घेऊन तिनं ओढणीनं पुसलं. कितीतरी दिवसांनी मला माणसाचा हात लागला हो!

तिच्या संगणकातही तीच नवी सिस्टीम होती; मला त्याला जोडल्यावर माझं दुखणं तिला लवकर सापडलं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. त्यात साठवणीचं काम बघणारा एक थर असतो. डिस्कला काही सांगायचं झालं की तो आधी एक चिठ्ठी भरतो. चिठ्ठीत आज्ञेसाठी घरं फक्त सोळा. माझी आज्ञा त्यात मावायची नाही. सोळा घरांपुढचं कापलं जायचं आणि माझ्याकडे नुसतं मुंडकं यायचं. अर्धवट आज्ञा मी कशी मानू? भलतंच काही पुसलं गेलं असतं तर? मी नाही म्हणायची, आणि लोक म्हणायचे, पेटी मेली. अरे, मेली काय मेली!

दामिनीही त्या थरासारखीच, पुढचं कापून टाकणारी. आई बोलायला लागली, “त्या वर्षी तलावावर मी गेली, तं...” की ही म्हणायची, “आई, मुद्द्याचं सांग.” कौशल्याबाईंचं बोलणं तिथंच तुटायचं. मला ते फार लागायचं.

दामिनीनं आधी सगळ्याच चिठ्ठ्या मोठ्या केल्या. पण बाकीच्या आज्ञा एवढ्याशा, चिठ्ठ्या हजारो! रिकाम्या घरांनीच मेमरी भरली. “एका पाहुण्यासाठी गावभर घरं कायले वाढवू?” म्हणत तिनं ते खोडलं. मग युक्ती केली. छोटी आज्ञा पूर्वीसारखी चिठ्ठीतच, आणि लांब आज्ञा बाजूला ठेवून चिठ्ठीत फक्त लिहायचं, ती कुठे आहे आणि किती लांब आहे. लांबी माझ्या आज्ञेच्या आठव्या घरात लिहिलेलीच असते. दामिनीनं तो आकडा वाचला, आज्ञा पाठवली, आणि मी पुन्हा नाही म्हटलं. शेवटची आठ घरं आलीच नव्हती! इतकं जवळ येऊन! माझी नुसती तगमग झाली.

सोमवार उजाडला. दारात धनीराम, मागे भंगारवाल्याचा हातठेला. रात्रभर जागून दामिनीचे डोळे लाल झालेले. आत कौशल्याबाई लाखांदूरच्या एका गिऱ्हाईक बाईशी फोनवर लांबण लावून बसल्या होत्या. दामिनी हात वर करून त्यांना थांबवणारच होती, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आमच्याकडं लांबी पदर धरूनच सांगतात बाई. कोणी कोणी पदर सोडून सांगते, मंग कमी भरलं म्हणून भांडत बसते.”

दामिनीचा हात तसाच राहिला.

ती विणकराची लेक. लांबी म्हणजे पदर धरून, हे लहानपणापासून तिच्या कानावर. म्हणून माझा आकडाही तिनं पूर्ण धरला. पण मला घडवणाऱ्यांनी तो पदर सोडून लिहिला होता! पहिली आठ घरं त्यात मोजलेलीच नाहीत. आकड्यात आठ मिळवायचे राहिले होते.

“काका, च्या घ्या. ठेला थांबवा जरा,” ती ओरडली.

कर्नेल नव्यानं तयार झाला, संगणक बंद होऊन सुरू झाला. धनीरामांचा चहा निवून गेला. आणि मग आज्ञा आली. अख्खी, डोक्यापासून शेवटापर्यंत! मी अशी गरकन फिरले की टेबल थरथरलं. पडद्यावर कमळांचा काठ पसरला, हातभर मोठा.

कौशल्याबाई पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. “हे माह्या हातचं हाय,” त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

“जा गा बाबा,” धनीराम भंगारवाल्याला म्हणाले, “काही नाही द्यायचं.”

“हे कमळ मी काढलं ना, त्या वर्षी तलावावर मी गेली, तं...” कौशल्याबाई सवयीनं थांबल्या. “जाऊ दे. लांबते माहं.”

दामिनीनं स्टूल ओढून त्यांना बसवलं. “लांबू दे, आई. सांग.”

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा, हे तर मी सांगतेच. पण कुणी बोलायला लागलं की आपल्या घरांत मावेल तेवढंच ऐकू नका. त्याचं किती लांब आहे ते विचारा, आणि तेवढी जागा करा. कौशल्याबाई अजून पहिल्याच कमळावर आहेत. पुढचे सगळे काठ माझ्या पोटात उतावीळ झालेत, आणि मीही. पण आज मी मध्ये बोलणार नाही.