बिनझाकणाची डबी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, बिनझाकणाची डबी आहे. तुमच्या कंपासपेटीहून जराशी जाड, एवढाच माझा जीव. दवाखान्याच्या कागदांवर माझं नाव हिमोग्लोबिनोमीटर असं आहे, पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात त्या नावाने मला कधी कुणी हाक मारली नाही. सगळे रक्ताची डबीच म्हणायचे. आता मी तुमच्या बेंबळीच्या शाळेत, विज्ञानाच्या कपाटात, फुटक्या भिंगाशेजारी बसून असते. तुम्ही काचेला नाक लावून माझ्याकडे बघता आणि हसता. हसा बापडे. पण एकदा माझं ऐकून घ्या.

माझ्या पोटात तीन काचनळ्या आहेत. कडेच्या दोन कायमच्या बंद. त्यांत कारखान्यातच गडद तपकिरी रंग भरलेला. मधली मोकळी. तिच्यात थोडं आम्ल घ्यायचं आणि बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब सोडायचा. दहा मिनिटांत रक्त तपकिरी होतं. मग थेंब थेंब शुद्ध पाणी घालत, काचेच्या काडीने ढवळत राहायचं, ते मधला रंग कडेच्या रंगाशी जुळेपर्यंत. रक्त सकस असेल तर पाणी पुष्कळ लागतं आणि पातळी वर चढते. रक्त कमी असेल तर थोडक्यात आटोपतं. पातळी थांबेल तो आकडा. धडधाकट माणसाचा तेरा-चौदा.

माझा जन्म दूरच्या शहरात झाला, पण मी शहाणी झाले ती इथेच. एका सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांनी सभेत हात वर करून रुग्णवाहिका घ्यायची ठरवली आणि तिच्याबरोबर मलाही आणलं. गाडी चालवायचा रेवणप्पा. रोग्याजवळ बसायचा व्यंकट. तो खरं तर नुसता मलमपट्टी करणारा, पण लोक त्याला कंपाउंडर म्हणत आणि तो कधी नाही म्हणत नसे. अंगाने काडी, मनाने लोणी. रोज सकाळी तो मला मऊ फडक्याने पुसायचा आणि मग स्वतःचा चष्मा त्याच फडक्याने पुसायचा. मान आधी माझा!

बहात्तरचा दुष्काळ पडला. ऊसच नाही तर कारखाना कसला चालतो? गाडी रिकामी उभी राहिली, म्हणून तिला तलावाच्या आणि खडी फोडायच्या कामांवर पाठवू लागले. तिथे बायका उन्हात बसून हातोडी चालवत. हात मोडला, पाय चिरडला तर ते डोळ्यांना दिसतं. पण एखादी नुसतीच खाली बसायची आणि म्हणायची, "कसंतरी होतंय." ताप नाही, जखम नाही. मुकादम म्हणायचा, ढोंग आहे. अशा वेळी व्यंकट मला उघडायचा. गाडीचा नियम साधा होता. आकडा सातच्या खाली आला तर बाईला थेट धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. वर आला तर गोळ्या देऊन घरी सोडायचं.

पण बोट पुढे करायला कुणी तयार होईना. बनाबाई नावाची एक फटकळ बाई होती. ती म्हणाली, "अंगात रगत न्हाय म्हणून तर पडले. आन् हाय तेबी तुमी काढून घेता व्हय?"

व्यंकटने सुई घेतली आणि आधी स्वतःच्या बोटाला टोचली. बायका गोळा झाल्या. त्याचा आकडा आला तेरा. मग बनाबाईने तोंड फिरवून बोट पुढे केलं. व्यंकट पाण्याचे थेंब सोडू लागला, तशी ती मला न्याहाळत म्हणाली, "आमाला दिसभरात घागर मिळंना, आन् ही भवानी बसल्या जागी पाणी पिती!" खडीच्या ढिगावर हशा पिकला. आकडा मात्र साडेपाच होता. मुकादमाचं तोंड बंद झालं आणि बनाबाई गाडीत बसून गेली. दोन आठवड्यांनी परत आली ती मला बघायला. माझ्यावर तिने बोटभर हळद-कुंकू लावलं. तो डाग काढताना व्यंकटचा जीव कासावीस झाला होता.

तेव्हापासून रिवाजच पडला. आधी व्यंकटचं बोट, मग रोग्याचं. त्याची बोटं सुयांनी खरखरीत झाली, आकडा मात्र नेहमी तेराच्या आसपास. पुढे पाऊसपाणी झालं, ऊस आला, लोकांचा माझ्यावर विश्वास बसला. बायका आपणहून बोट पुढे करू लागल्या. मग व्यंकटने स्वतःला टोचणं सोडून दिलं. विनाकारण कोण टोचून घेईल?

अणदूरला खंडोबाच्या यात्रेत एकदा गाडी उभी होती. त्या गर्दीत माझं झाकण निखळलं आणि कुठे गेलं ते मल्हारीलाच ठाऊक. व्यंकट फार हळहळला. मग त्याने मला गाडीत पुढच्या काचेखाली, खंडोबाच्या तसबिरीजवळ जागा दिली. रंग उजेडात बघायचा असतो, तेव्हा डबी उजेडात राहिलेली बरी, असा त्याचा सरळ हिशेब. मित्रांनो, मलाही फार बरं वाटलं. देवाशेजारी मान, समोर सगळा रस्ता. मी फुगून गेले होते.

दोन उन्हाळे मी तिथे बसले. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. माझ्या बंद नळ्यांतला तपकिरी रंग हळूहळू उडत होता. रोज बघणाऱ्या व्यंकटला ते दिसलं नाही, आणि मला तर माझं पोट दिसतच नाही. कडेचा रंग फिका झाला की मधल्यात पाणी जास्त घालावं लागतं आणि आकडा फुगतो. मी खोटं बोलू लागले होते, आणि तेही छाती काढून.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात बेंबळीहून निरोप आला. सत्यभामाबाईंची सून धुरपदा अंथरुणाला खिळली होती. तीन महिन्यांची ओली बाळंतीण. व्यंकटने विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, "कायच सांगता येईना. धडधडतंय. बसलं की उठूच वाटंना." ताप नव्हता, खोकला नव्हता. व्यंकटने तिचं रक्त घेतलं. आकडा आला साडेआठ.

"साताच्या वर हाय, काळजी न्हाय," व्यंकट म्हणाला आणि गोळ्या मोजू लागला.

सत्यभामाबाई दारातच उभ्या राहिल्या. "कंपाउंडर, माझी सून कामचुकार न्हाय. वल्या बाळंतपणात जात्यावर बसायली होती, म्याच उठवली तिला. आता तिला पोर उचलंना. आन् तुमची डबी म्हणती काय न्हाय?"

"मावशी, डबी खोटं बोलत नसती."

"कशावरनं? आधी तुमचं काढा. मंग म्या आयकते."

रेवणप्पा गालात हसला. व्यंकटही हसला, पण म्हातारीची समजूत पटावी म्हणून त्याने बोटाला टोचलं. दहा मिनिटं झाली. तो थेंब सोडू लागला. तेरा गेला, चौदा गेला, सोळा गेला, तरी रंग जुळेना. पातळी एकोणीसवर जाऊन थांबली.

"व्यंकट, तू तर पैलवान निघालास की!" रेवणप्पा खो खो हसला.

व्यंकट हसला नाही. त्याने मला दारात नेऊन उन्हात धरलं आणि माझ्या नळ्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग तो एवढंच म्हणाला, "रेवणप्पा, गाडी चालू कर. मावशी, लेकराला घ्या. धाराशिवला जायचं."

धाराशिवच्या दवाखान्यात धुरपदाचं रक्त पुन्हा तपासलं. सहालाही थोडं कमीच भरलं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर हृदयाने साथ दिली नसती. तिच्या भावाने रक्त दिलं. बारा दिवसांनी ती बाळाला कडेवर घेऊन स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरली. सत्यभामाबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिला न्हाय हं!" मला जराही राग आला नाही.

पण व्यंकटला चैन पडेना. माझं झाकण हरवल्यानंतर मी सातच्या वर आकडा सांगून घरी पाठवलेल्यांची नावं त्याने वहीतून काढली. एकेचाळीस निघाली. त्याने नवी डबी मागवली आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवर गावोगाव फिरून प्रत्येकीचं बोट पुन्हा मागितलं. आधी स्वतःचं टोचून, मग तिचं. मला तो पिशवीत घालून बरोबर न्यायचा. विचारलं कुणी, तर मला बाहेर काढून सांगायचा, "हिचा रंग उडाला होता. ध्यान माझं नव्हतं." माझ्यावर सगळा दोष ढकलायला तो मोकळा होता. त्याने ढकलला नाही. खरा आकडा सातच्या खाली असलेल्या तिघी त्या फेरीत सापडल्या आणि दवाखान्यात जाऊन बऱ्या झाल्या.

अणदूरच्या एका घरात गुलाब नावाचा माणूस एकटाच दोर वळत बसला होता. त्याची बायको सरुबाई मागच्या पौषात गेली होती. तो ओरडला नाही. दोर खाली ठेवून म्हणाला, "तुमीच म्हणलाव की, नऊ हाय, काय न्हाय म्हणून." मग उठून त्याने व्यंकटला तांब्याभर पाणी दिलं. व्यंकट ते प्याला आणि तिथेच ओट्यावर बसून रडला.

निवृत्त होताना व्यंकटने मला भंगारात जाऊ दिलं नाही. तुमच्या गुरुजींच्या हातात ठेवून म्हणाला, पोरांना दाखवा. म्हणून मी इथे आहे, मित्रांनो. आमच्यासारख्या वस्तूंना नुसती माया पुरत नाही. सावलीत ठेवा, झाकून ठेवा, आणि अधूनमधून आमचीच परीक्षा घ्या. आम्ही एक सांगतो आणि समोरचं माणूस दुसरं सांगतं, असं झालं तर माणसाला ढोंगी ठरवू नका, आधी आम्हाला तपासा.

सरुबाईला मी नऊ सांगितलं होतं. ती मात्र गोळ्या घेऊन घरी जाता जाता दोनदा म्हणाली होती, मला कसंतरी होतंय. तिचंच खरं होतं.